खोली सहाशे चार

रिसेप्शनवरच्या पोरीनं विचारलं,
"मॅडम, सोलापुरात पहिल्यांदाच?"
मी म्हटलं, बासष्ट वर्षं झाली,
अजून मुक्काम चालूय.
तिला काही कळलं नाही, पण ती हसली,
मोगऱ्याचा हार घातला माझ्या गळ्यात, मग अंबादासच्या.
लिफ्टच्या आरशात हा हळूच बोलला,
"लग्नातला एवढा जाड नव्हता की."

लेकीचा हट्ट. हैदराबादहून फोनवरच ठरवलं सगळं:
स्वयंपाकघराची भिंत पाडायची, कडप्पा काढायचा,
मोरीची बाथरूम करायची,
आणि तुम्ही धुळीत राहायचं नाही.
बाबांच्या छातीत चाळीस वर्षांचा कापूस आहे तेवढा पुरे.
पैसे तिनं भरलेत. एकवीस रात्रींचे.
एका रात्रीचा आकडा मी कागदावर पाहिला
आणि अंथरुणात पडून त्याच्या विड्या करत बसले,
हजाराला इतके, तर दिवसाला किती,
किती महिन्यांची खाली घातलेली मान.
उजाडलं तरी हिशेब जुळला नाही.

बाहेर चव्वेचाळीस,
आत आम्ही स्वेटर शोधतोय.

पहिल्याच दिवशी अंबादासनं टॉवेल उलटा केला,
किनार बोटांत चोळली, एक सूत ओढलं,
खिडकीच्या उजेडाला धरला.
"पानिपतचा," म्हणाला.
एवढंच.
तेव्हापासून तो अंग आपल्या पंच्यानंच पुसतो
आणि त्यांचे टॉवेल घडी न मोडता परत जातात.
साफसफाईचा पोरगा विचारतो, काका, काही तक्रार?
"तुझी नाही रे बाबा."

खिडकी उघडत नाही, पण दिसतं सगळं.
गिरणीची चिमणी, तळ्याचा एक तुकडा,
आणि मोबाईलच्या टॉवरच्या जरा डावीकडं
आमची निळी टाकी.
रिक्षानं पस्तीस रुपये.
मी नाष्ट्याच्या टेबलावरून दोन इडल्या
रुमालात बांधून मिस्त्रीला नेते.
गुरुसिद्ध त्या उपमेयासारख्या उचलून बघतो,
म्हणतो, काकू, शेंगाचटणी नाही का देत तिथं?

पाचव्या रात्री पावणेतीनला फोन.
शेजारची नरसम्मा, नुसता आवाज:
"अक्का! नीळ्ळु वच्चिनय!"
आणि मी हॉटेलच्या पांढऱ्या सपातांत
गालिच्यावरून पळत सुटले.
वॉचमननं सलाम ठोकला. रिक्षावाला म्हणाला,
दवाखाना का?
पाणी, मी म्हटलं.
त्यानं दुसरा प्रश्न विचारला नाही.

घराला दार नव्हतं. चौकटीत ताडपत्री.
बॅटरीच्या उजेडात पाइप जोडला, दोन्ही ड्रम लावले,
आणि मग मगानं नव्या भिंतीला पाणी मारत बसले.
सात दिवस पाजलं नाही तर तडे जातात, असं मिस्त्री सांगतो.
भिंत पाणी पिताना आवाज करते.
बारीक, चुर्र असा,
रात्री, गल्लीतले माग बंद असतील तरच ऐकू येणारा.
जुन्या भिंतीनं तो कधी केला असेल
तेव्हा मी आत विड्या वळत असणार,
कान दुसरीकडं.
नरसम्मा कट्ट्यावरून म्हणाली, तिथं चोवीस तास येतं म्हणे?
येतं.
गरमपण?
गरमपण.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मग तिची घागर भरली.

परत आले तेव्हा साडेपाच.
सपातांना सिमेंट, गालिच्यावर माझी पावलं
लिफ्टपासून सहाशे चारपर्यंत.
अंबादास जागाच.
"किती आलं?"
दोन ड्रम. प्रेशर नव्हतं.
"हं," म्हणाला, आणि दोन मिनिटांत घोरायला लागला,
या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा.

पाय धुवायला बाथरूममध्ये गेले
तर नळ ठिबकतोय,
आणि खाली यानं ठेवलीय
बर्फाची ती चकचकीत बादली.
काठोकाठ.
आता हे पाणी ओतायचं कुठं?